व्यथेची कैफियत
दाजीपूरच्या रानालगतच्या वाडीवरून राधानगरीच्या सरकारी दवाखान्यात उतरणारा धनगर आणि त्याला तपासणारा शहरात शिकलेला डॉक्टर हे दोघेही मराठीच बोलत असले, तरी एकाच्या व्यथेची कैफियत दुसऱ्यापर्यंत अविकल पोहोचतेच असे नाही. कारण ‘जेवणानंतर तीनदा’ हा हुकूम दोनदाच जेवणाऱ्याने कसा पाळावा, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

भामरागडच्या अरण्यात, हेमलकशाला, १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तर भाषाच परकी होती, म्हणून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी औषधोपचाराबरोबरच माडिया भाषाही, ती बोलणाऱ्यांच्याच सहवासात, आत्मसात केली. पदवीधराने निरक्षराचे असे शिष्यत्व पत्करावे, हे मला शस्त्रक्रियेहूनही दुष्कर वाटते.

आपल्या तालुक्यात इतके सायास नकोत. ‘आता हे औषध कसे घ्याल, ते मला सांगा पाहू,’ एवढे विचारून डॉक्टर क्षणभर थांबले, तरी घोटाळा तिथल्या तिथे उघडकीस येतो. आणि रुग्णानेही, डॉक्टर रागावतील या भयाने नुसती मान डोलावण्यापेक्षा, ‘समजले नाही’ असे निःसंकोच म्हणावे. बाहेर रांग असते, आषाढाचा पाऊस असतो, शेवटची एसटी गाठायची असते, हे सारे खरे. पण चुकीच्या मात्रेने घेतलेले औषध पुष्कळदा त्याच माणसाला त्याच रांगेत पुन्हा उभे करते.