सागरतळाचे दप्तर

डोंगरावरचे रान तुटले तर त्याचे बोडकेपण वाटसरूच्याही नजरेस पडते. परंतु समुद्राच्या पोटातील अरण्य उजाड झाले, तरी वरच्या पाण्याचा निळा विस्तार पूर्ववत हेलावत राहतो आणि हानीची वार्ता बहुधा विलंबानेच किनाऱ्यास लागते. कॅलिफोर्नियाच्या थंड समुद्रात खडकांना घट्ट धरून, वायूने भरलेल्या फुग्यांच्या आधारे पृष्ठभागापर्यंत उभी राहणारी केल्प नावाची प्रचंड तपकिरी शैवले हे असेच एक अरण्य होय. २०१३ साली तेथे तारामाशांवर क्षयकारक रोगाची साथ आली, पाठोपाठ पाणी असाधारण तापले, आणि त्यांचे भक्षक असलेले तारामासे नाहीसे झाल्याने माजलेल्या जांभळ्या अर्चिन नावाच्या काटेरी समुद्रजीवांनी राज्याच्या उत्तर किनाऱ्यावरील नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प अल्पावधीत फस्त केले.

उपग्रहास या अरण्याचा केवळ माथा दिसतो. तळाची हकिकत कळावी म्हणून कॅलिफोर्नियातीलच चॅनेल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानात १९८२ पासून पाणबुडे ठरावीक जागी उतरून मोजणी करीत आले, आणि मोजणीच्या जोडीला चित्रणही करू लागले. आकडा हे आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. चित्रफितीत मात्र मोजणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेलेही पुष्कळ काही नोंदले जाते. गळलेले केल्प मुबलक आहे तोवर अर्चिन कपारीत बसून वाहत आलेल्या तुकड्यांवर निर्वाह करतात. ही आवक आटली की तेच बाहेर पडून जिवंत बुंधे कुरतडू लागतात. संख्या तीच राहूनही वृत्ती पालटली, हे चित्र पाहणाऱ्यास उमगते.

अर्थात कॅमेऱ्याची साक्षही निरपवाद नव्हे. गढूळ पाण्यात तो आंधळा होतो, कपारीतले त्याला दिसत नाही, आणि दरवर्षी त्याच रेषेवरून, त्याच उंचीने व त्याच वेगाने तो फिरला नाही, तर दोन वर्षांची तुलनाच अप्रमाण ठरते. तथापि या शिस्तीस पर्याय नाही. १९९५ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी दाखवून दिले की, प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळी पाहिलेल्या समुद्रालाच मूळ समुद्र मानते, आणि त्यामुळे ऱ्हासाचे मोजमाप दर पिढीस नव्याने, अधिक खालच्या पायरीवरून सुरू होते. या विस्मृतीवर इलाज स्मरणशक्तीचा नसून दप्तराचा आहे. म्हणूनच अशा पाहणीचा खर्च, विशेष काही घडले नाही अशा वर्षीही बिनतक्रार मंजूर करण्यात शहाणपण आहे. कारण अरण्य शाबूत असतानाचा दाखला अरण्य गेल्यावर कोणत्याही किमतीस तयार करून मिळत नाही.