पाणी पाजल्यानंतर

नाथांच्या गाढवाची गोष्ट आपल्या जिल्ह्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले एकनाथ महाराज, वाटेत उन्हात तडफडणारं गाढव, आणि देवासाठी आणलेलं पाणी त्याच्या तोंडात. गाढव उठून उभं राहतं आणि कीर्तनकार तिथं थांबतो. माझं मन मात्र तिथून पुढं जातं. दुसऱ्या दिवशी त्या गाढवाचं काय झालं असेल? आणि ते उठलंच नसतं, कमरेतून गेलेलं असतं, तर?

नाथांनी केलं तो कळवळा. इतक्या वाटेचं पुण्य एका घोटापायी ओतून टाकायला फार मोठं काळीज लागतं. पण त्यापुढं जे लागतं त्याला आपल्याकडं वेगळा शब्द आहे : सांभाळ. छत्रपती संभाजीनगरात रस्त्यावर जखमी जनावर दिसलं की धावणारी माणसं आता पुष्कळ आहेत. फोन जातात, गाडी येते, तरुण मुलं अंगावरचा शर्ट काढून कुत्र्याखाली घालतात. टंचाई आहे ती पुढच्या माणसांची.

जालना रोडवर चारचाकीखाली सापडलेलं एक कुत्रं धरा. जीव वाचला, पण पाठीचा कणा गेला. मागचे पाय ओढत ते फरशीवर सरकतं, त्यानं कातडी सोलवटते. लघवी आपोआप होत नाही, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी त्याला धरून, पोटाखाली हात घालून, मूत्राशय बोटांनी हलकेच दाबून रिकामं करायचं. जोर जास्त झाला तर इजा होते, कमी पडला तर लघवी साठून जंतू धरतात. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, बोटांना सवयीनं कळतो. मग ओल पुसायची, कोरडं पोतं अंथरायचं, कूस बदलून द्यायची, कारण एका अंगावर पडून राहिलं की कमरेच्या हाडावर जखम होते. चाकांचा गाडा बांधला की ते हुंदडतं, हे खरं. पण गाडा थोडा वेळच बांधायचा असतो. बाकीचा दिवस पोत्यावरच जातो आणि असे दिवस काही वर्षं चालू शकतात.

निवारा हवा तो अशांसाठी. धडधाकट भटक्या कुत्र्याचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला सहसा त्याच्याच गल्लीत परत सोडायचं, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, आणि ते बरोबरच आहे. ज्याला परत सोडायला गल्लीच उरली नाही, त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी लागते.

बैलाचा हिशेब आणखी जड आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जुवाखाली रापलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. त्याच बैलाचे दात झिजले की त्याला कडबा चावत नाही. बारीक कुट्टी आणि भिजवलेली पेंड लागते. तीनशे किलोच्या बैलाला रोज साधारण सात किलो सुका चारा धरला तर वर्षाला अडीच टन होतात. काम सुटल्यावर तो पाच वर्षं जगला तर बारा-तेरा टन. मराठवाड्यात, जिथं दर काही वर्षांनी चारा छावणी उघडावी लागते, तिथला कोरडवाहू शेतकरी हा चारा आणणार कुठून? तो बैल बाजारात नेतो तेव्हा त्याला निर्दय म्हणणं मला पटत नाही. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, आणि जनावराला उपाशी मरायला सोडून देणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्यानं वैरण उगवत नाही. म्हातारा बैल राखायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, तर वैरणीचा बोजाही सगळ्यांनीच उचलायला हवा.

जुन्या माणसांना हे कळत होतं. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकार भटकी कुत्री मारत होतं, त्यावरून दंगल उसळली, आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सोबतच्या व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभारला. नुसत्या जागेवर ते थांबले नाहीत. व्यापाराच्या मालावर पांजरपोळासाठी लागा, म्हणजे एक कर, बसवला. मला त्या लाग्याचं फार मोल वाटतं. कळवळा आटला तरी चाऱ्याचे पैसे येत राहतील, अशी ती सोय होती.

आणि जिथं अशी सोय नाही, तिथं एखादं घरच लागा होऊन बसतं. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांनी आयुष्यभर तेच केलं. वडिलांकडून आलेलं काम त्यांनी पुढं नेलं, शंभरावर गाई-बैल राखले. दूध विकायचं नाही, शेणखत विकून चारा आणायचा, असा त्यांचा रिवाज. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या पदकापेक्षा त्यांच्या गोठ्यातला दुष्काळातला साधा मंगळवार जास्त आठवावासा वाटतो. त्या दिवशी कुणी सत्कार करायला येत नाही, आणि शंभर तोंडं मात्र गव्हाणीशी उभी असतात.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून गोठा होणार नाही. पण निवाऱ्याला काय लागतं हे विचारता येतं. तिथं बहुधा औषधाच्या आधी जुनी पोती मागतात, धुवायला माणूस मागतात, महिन्याला ठरलेली रक्कम मागतात, मग ती शंभर रुपये का असेना. वाढदिवसाला एकदम पाच हजार देऊन फोटो काढणाऱ्यापेक्षा त्यांना तो शंभरवाला हवा असतो, कारण पुढच्या महिन्याची पेंड त्याच्या भरवशावर सांगून ठेवता येते.

निवाऱ्यात उठता न येणारी, बसलेली गाय रात्रीही तशीच असते. तिचं वजन एका पायावर आलं की तो पाय दबून बधिर होतो, मांस मरतं, म्हणून दर तीन-चार तासांनी तिला वळवावं लागतं. एकट्याला ते जमत नाही. मग मध्यरात्री कुणीतरी शेजारच्याला हलवून उठवतं. एक जण मान धरतो, दुसरा पाठीमागं गुडघा टेकतो, पेंढा सारखा करतात आणि म्हणतात, "हं, आता या अंगावर."