कोणाची सद्दी मोठी?

राजेश खन्नाने लागोपाठ किती हिट चित्रपट दिले? कोणी पंधरा म्हणतो, कोणी सतरा. पंधरावाले 'अंदाज' वगळतात, कारण त्यात तो जवळपास पाहुणाच होता. मोटारसायकलवर एक गाणे म्हणून गेला. 'मर्यादा'ही वगळतात, कारण तिथे राजकुमार त्याच्या बरोबरीने उभा होता. सतरावाले दोन्ही धरतात. सिनेमाच्या शौकिनांत हा वाद पन्नास वर्षे चालू आहे आणि त्यात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. ती अशी, की नटाची सद्दी मोजायची ती हिट चित्रपटांच्या बेरजेने. बेरीज बदलली की क्रमांक बदलतो, पण मोजपट्टी तीच राहते. तपासायला हवी ती ही मोजपट्टी.

आधी मैदान आखून घ्यावे. इथे दीर्घ कारकिर्दीचा प्रश्न नाही. तसे असते तर दिलीपकुमार किंवा अमिताभ बच्चन यांच्या नावावर चर्चा लगेच थांबली असती. प्रश्न आहे तो साधारण तीन वर्षांच्या झपाट्याचा. अशा झपाट्याला तीन प्रश्न विचारता येतात. प्रेक्षक आले का? तो नट काढून त्या जागी दुसरा घातला तर चित्रपटाचे काय उरले असते? आणि दिग्दर्शक, लेखक, संगीतकार बदलत गेले तेव्हाही त्याचे काम टिकले का? बहुतेक वादविवाद पहिल्या प्रश्नापाशीच संपतात.

पहिल्या प्रश्नात राजेश खन्नाला तोड नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. गिरगावात ठाकुरद्वारला वाढलेला, १९६५ साली निर्मात्यांच्या नवोदित कलावंत स्पर्धेत निवडला गेलेला हा मुलगा 'आखरी खत' (१९६६) आणि 'राझ' (१९६७) करूनही फारसा कुणाच्या लक्षात आला नव्हता. १९६९ मध्ये 'आराधना' आणि 'दो रास्ते' आले आणि सगळे चित्र पालटले. यातला 'दो रास्ते' चंद्रकांत काकोडकर यांच्या 'नीलांबरी' या मराठी कादंबरीवरचा. पुढच्या दोन वर्षांत 'सफर', 'सच्चा झूठा', 'आन मिलो सजना', 'कटी पतंग', 'आनंद', 'हाथी मेरे साथी' अशी रांगच लागली. 'सच्चा झूठा' आणि 'आनंद'साठी लागोपाठ दोन वर्षे फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. बीबीसीने त्याच्यावर माहितीपट काढला.

मग 'आराधना'तले ते गाजलेले दृश्य जरा जवळून पाहावे. डोंगरातून छोटी आगगाडी चालली आहे, खिडकीत शर्मिला टागोर पुस्तक वाचते आहे आणि शेजारच्या रस्त्यावरून उघड्या जीपमध्ये राजेश खन्ना गातो आहे. एका पिढीला प्रेम शिकवणारे हे दृश्य. प्रत्यक्षात हे दोघे त्या वेळी समोरासमोर नव्हतेच. शर्मिलाच्या तारखा मिळेनात म्हणून खन्ना आणि सुजितकुमार यांचे चित्रण दार्जिलिंगला झाले आणि शर्मिलाचे नंतर स्टुडिओत. दोन ठिकाणचे तुकडे संकलकाने जोडले, वर किशोरकुमारचा आवाज, सचिनदेव बर्मन यांची चाल आणि आनंद बक्षींचे शब्द. पडद्यावर जी नजरानजर झाली ती संकलनाच्या टेबलावर झाली.

यात खन्नाला कमी लेखायचे कारण नाही. त्याची मान तिरकी करण्याची लकब, पापण्यांची उघडझाप आणि ओठ हलवताना प्रत्येक शब्द आपलाच आहे असा भासवणारा चेहरा दुसऱ्याला जमला नसता. पण ही सद्दी एका माणसाची नव्हती. शक्ती सामंता, किशोरकुमार, बर्मन पितापुत्र, आनंद बक्षी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशी सगळी फौज त्याच वेळी ऐन भरात होती. याच काळातला किशोरकुमारचा पार्श्वगायक म्हणून झालेला उत्कर्ष पाहिला, तर कोणाच्या लाटेवर कोण बसले होते हे सांगणे अवघड होते.

दुसऱ्या प्रश्नाला खन्नाची खरी उत्तरे आहेत ती या फौजेबाहेरच्या चित्रपटांत. यश चोप्रांच्या 'इत्तेफाक'मध्ये एकही गाणे नाही. एका रात्रीची गोष्ट, एक घर आणि संशयाच्या फेऱ्यात सापडलेला माणूस. असित सेन यांच्या 'खामोशी'त भार सगळा वहिदा रेहमानवर, तरी खन्नाचा विस्कटलेला रुग्ण लक्षात राहतो. 'आनंद'मध्ये सलील चौधरींचे संगीत आहे, आवाज मुकेश आणि मन्ना डे यांचे, किशोरकुमार नाही. हृषीकेश मुखर्जींनी त्याच्यातला लाडिकपणा काढून टाकला नाही, तो एका मरणोन्मुख माणसाच्या बडबडीला चिकटवला आणि त्याचा अर्थच बदलला. हे तीन चित्रपट बाजूला काढले की राजेश खन्ना सुपरस्टार म्हणून जेवढा होता तेवढाच राहतो, पण नट म्हणून बराच लहान होतो.

त्याची सद्दी अमिताभने संपवली, असे सर्रास म्हटले जाते. तारखा तसे सांगत नाहीत. 'जंजीर' मे १९७३ चा. त्याआधीच, १९७२ मध्ये, 'दिल दौलत दुनिया' आणि 'मालिक' पडले होते. उलट 'जंजीर'नंतरच्या वर्षी, १९७४ मध्ये, 'आप की कसम', 'रोटी' आणि 'प्रेमनगर' चालले. म्हणजे 'खन्ना आला की चित्रपट चालणारच' ही खात्री आधीच मोडली होती आणि खन्नाचे चित्रपट त्यानंतरही चालत होते.

हिट म्हणजे काय, हाही एक घोळ आहे. त्या काळी चित्रपट थोड्या प्रिंट्स घेऊन लागायचा आणि मुक्काम करायचा. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. राजेंद्रकुमारला 'ज्युबिली कुमार' हे नाव याच हिशेबाने पडले: 'मेरे महबूब' (१९६३), 'संगम' (१९६४), 'आरजू' (१९६५), 'सूरज' (१९६६). आज चित्रपट हजारो पडद्यांवर एकदम लागतो आणि तीन आठवड्यांत त्याचा बहुतेक धंदा आटोपतो. एक काळ आठवडे मोजतो, दुसरा कोटी. दोन काळांतल्या नटांची तुलना आकड्यांनी करायला गेले की हाती काही लागत नाही.

मराठी वाचकाला इथे दादा कोंडके आठवणारच, आणि आठवायलाच हवेत. 'सोंगाड्या' (१९७१) दादरच्या कोहिनूर टॉकीजला लागायच्या वेळी देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी अडला आणि शिवसेना मध्ये पडल्यावर लागला, ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. पुढे 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम' असे करत रौप्यमहोत्सवी चित्रपटांची संख्या नऊवर गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. खन्नाच्या अगदी उलट हा कारभार. निर्मिती स्वतःची, नायिका बहुधा उषा चव्हाण, पडद्यावरचा गाता आवाज महेंद्र कपूरचा, आणि चित्रपट फार तर वर्षाकाठी एक. खन्नाला जे इतरांनी बांधून दिले ते दादांनी स्वतः बांधले. दुसऱ्या प्रश्नात दादा पैकीच्या पैकी गुण घेतात: 'सोंगाड्या'तून दादा काढले तर काहीच उरत नाही. पण झपाट्याच्या हिशेबात ते बसत नाहीत, कारण दहा वर्षांहून अधिक चालली ती राजवट म्हणावी लागेल. शिवाय तिसऱ्या प्रश्नाच्या वाटेला ते कधी गेलेच नाहीत. ढगळ अर्धी चड्डी, लोंबती नाडी आणि द्वयर्थी बोलणे ही वेशभूषा नि भाषा त्यांनी सोडली नाही, आणि प्रेक्षकांनी सोडू दिली नसती.

अमिताभची अडचण वेगळीच. १९७५ या एका वर्षात 'दीवार', 'शोले', 'चुपके चुपके' आणि 'मिली'. १९७८ मध्ये 'त्रिशूल', 'डॉन', 'कसमें वादे' आणि 'मुकद्दर का सिकंदर'. यातला १९७५ चा पट अधिक मोलाचा, कारण गोदीतला विजय आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाचे सोंग घेतलेला सुकुमार ही दोन टोके एकाच नटाने एकाच वर्षात गाठली. मात्र 'जंजीर', 'दीवार', 'शोले', 'त्रिशूल', 'डॉन' ही सगळी सलीम-जावेद यांच्या लेखणीची अपत्ये आहेत. आणि अमिताभचा काळ इतका लांबला, की त्यातली तीन वर्षे वेगळी काढून दाखवणे हाच अन्याय होतो.

अमेरिकेतल्या चित्ररसिकांचाही हा आवडता वाद आहे. तिथे बेरीजवाले जिम कॅरीचे १९९४ साल पुढे करतात: 'एस व्हेंच्युरा', 'द मास्क' आणि 'डम्ब अँड डम्बर', तिन्ही एकाच वर्षात. दुसरा पक्ष जॉन कझालचे नाव घेतो. 'द गॉडफादर', 'द कॉन्व्हर्सेशन', 'द गॉडफादर : भाग २', 'डॉग डे आफ्टरनून' आणि 'द डिअर हंटर' या पाचच कथापटांत त्याने काम केले. पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकन होते, तिघांना पुरस्कार मिळाला. कझालला स्वतःला एकदाही नामांकन मिळाले नाही. १९७८ मध्ये, शेवटचा चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, तो कर्करोगाने गेला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

कझालचे उदाहरण मोहात पाडते, आणि तिथेच सावध व्हायला हवे. मृत्यू कारकिर्दीची शेवटची पाने फाडून नेतो. वाईट चित्रपट करायला माणूस उरतच नाही. जेम्स डीनचे मोठ्या भूमिकांचे तीनच चित्रपट, त्यातले दोन त्याच्या अपघाती मृत्यूनंतर लागले. आपल्याकडे दिव्या भारतीचे तसेच. १९९२ चे एक वर्ष गाजवून ती एकोणिसाव्या वर्षी गेली. अशा वेळी प्रेक्षक न झालेल्या भूमिकांचेही गुण देऊन टाकतात. म्हणून सद्दी मोजताना शेवट कसा झाला ते बाजूला ठेवून तेवढीच वर्षे तपासावीत.

हा नियम स्मिता पाटीललाही लावायला हवा. १३ डिसेंबर १९८६ रोजी, एकतिसाव्या वर्षी, ती गेली हे तूर्त विसरावे आणि फक्त १९८० ते १९८२ ही तीन वर्षे पाहावीत.

मृणाल सेन यांचा 'आकालेर संधाने', केतन मेहतांचा 'भवनी भवाई', गोविंद निहलानींचा 'आक्रोश', सईद मिर्झांचा 'अल्बर्ट पिंटो', रवींद्र धर्मराज यांचा 'चक्र', सत्यजित राय यांचा 'सद्गती', जब्बार पटेलांचा 'उंबरठा', महेश भटचा 'अर्थ', सागर सरहदींचा 'बाजार', रमेश सिप्पींचा 'शक्ती' आणि प्रकाश मेहरांचा 'नमक हलाल'. अकरा दिग्दर्शक, चार भाषा. यादी इतकी नीटस नव्हती, हेही सांगायला हवे. मध्ये 'बदले की आग' आणि 'दिल-ए-नादान' आहेत. 'दिल-ए-नादान'मध्ये तर राजेश खन्नाच होता.

यातले काही नमुने जवळून पाहण्यासारखे आहेत. 'आकालेर संधाने'मध्ये एक चित्रपट-कंपनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढायला खेड्यात येते. स्मिता त्यात स्मिता पाटील नावाच्या नटीचीच भूमिका करते. मुक्कामी मंडळी दुष्काळाचे फोटो एकमेकांना दाखवून साल ओळखायचा खेळ खेळतात. उपाशी माणसांचे चेहरे सगळ्या सालांत सारखेच दिसतात, साल काही ओळखता येत नाही आणि हसरा खेळ अवघडत जातो. स्वतःच स्वतःची भूमिका करताना नट सहसा मोहक होऊ पाहतो. स्मिता त्या खोलीतली एक बाई होऊन राहते. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या 'चक्र'मध्ये तीच मुंबईच्या झोपडपट्टीतली अम्मा आहे. शरीराबद्दल लाज नाही आणि गरिबीचे प्रदर्शनही नाही. या भूमिकेसाठी तिला 'भूमिका'नंतरचा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'उंबरठा'तली सुलभा महाजन शिकलेली, सुखवस्तू घरातली. महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथला कारभार पाहून हादरते, आणि परतल्यावर आपल्या घरातही आपल्याला जागा उरलेली नाही हे तिला कळते. विजय तेंडुलकरांची पटकथा तिला भाषण देत नाही. जे काही सांगायचे ते चालण्यातून, पदर खोचण्यातून आणि ऐकून घेण्यातून. चित्रपट सुलभाच्या खांद्यावर उभा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

आक्षेप दोन येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला: 'नमक हलाल'मध्ये स्मिताच्या जागी कोणीही चालली असती आणि 'शक्ती'तही तिला फारसे काम नव्हते, म्हणजे जिथे गर्दी होती तिथे ती अनावश्यक, आणि जिथे ती आवश्यक तिथे तेवढी गर्दी नव्हती. हे बरेचसे खरे आहे. पहिल्या प्रश्नात ती खन्नाच्या जवळपासही जात नाही. पण तीन प्रश्नांतला हा एकच.

दुसरा आक्षेप शबाना आझमीचा. 'अर्थ' (१९८२), 'खंडहर' (१९८३) आणि 'पार' (१९८४) यांसाठी तिला सलग तीन वर्षे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधल्या काळात 'मासूम' आणि 'मंडी', शिवाय राजेश खन्नाबरोबरचा चांगला चाललेला 'अवतार'. 'अर्थ'मध्ये दोघी समोरासमोर आहेत आणि चित्रपट शबानाचा आहे, यात शंका नाही. फरक आहे तो पल्ल्यात. शबानाच्या त्या तीन वर्षांतल्या मोठ्या भूमिका हिंदीतल्या. स्मिता त्याच दर्जाचे काम हिंदीबरोबर मराठी, गुजराती आणि बंगाली चित्रपटांत करत होती, आणि दिग्दर्शकांच्या कामाच्या रीतीही तितक्याच वेगळ्या. फरक फार नाही, पण आहे.

तेव्हा निकाल असा: लोकप्रियतेची सद्दी राजेश खन्नाची, १९६९ ते १९७१, कामाची सद्दी स्मिता पाटीलची, १९८० ते १९८२. ज्यांना हा निकाल पटत नाही त्यांनी आकड्यांची यादी काढण्याआधी एका आठवड्यात 'आकालेर संधाने', 'चक्र', 'उंबरठा' आणि 'नमक हलाल' हे चार चित्रपट याच क्रमाने पाहावेत, आणि मग त्याच तोडीची तीन वर्षे दुसऱ्या कोणाची काढून दाखवावीत.