मृताचा वकील

मनुष्य मरतो तेव्हां त्याची मिळकत मागें राहते. तिच्याविषयीं बोलण्यास तो स्वतः मात्र राहत नाहीं. तेरावें उरकतें, पाहुणे परततात, आणि मग घरांतील कोणीतरी हळूच विचारतो, "एखादा चांगला वकील माहीत आहे कां?" या प्रश्नांतील 'चांगला' या शब्दाचा अर्थ काय, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

डोंबिवलींतील एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाचें उदाहरण घेऊं. सोसायटींतील एक फ्लॅट, बँकेंतील ठेवी, आणि वडिलांनीं लिहून ठेवलेलें दोन पानी मृत्युपत्र. मागें दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. फ्लॅटवर नामनिर्देशन थोरल्याचें. तेव्हां घर आपलेंच झालें, अशी त्याची प्रामाणिक समजूत. वस्तुतः नामनिर्देशित मनुष्य हा सामान्यतः विश्वस्त असतो, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं विम्याच्या रकमेविषयीं व २०२३ सालीं शेअर्सविषयीं हेंच सांगितलें आहे.

मृत्युपत्र खरें असल्याचा न्यायालयाचा निर्वाळा म्हणजे प्रोबेट. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानें तें महाराष्ट्रांतील हिंदूंस मुंबई शहरांत केलेल्या मृत्युपत्रांपुरतें व तेथील स्थावरापुरतें आवश्यक केलें होतें. ठाणें-कल्याणकडे केलेल्या व तिकडच्याच मिळकतीच्या मृत्युपत्रांस ती सक्ती कधींच नव्हती. २०२५ च्या अखेरीस संसदेनें तें कलमच काढून टाकलें. प्रोबेट घेण्याची मुभा आहे, सक्ती नाहीं. पुष्कळांस यांत केवळ सुटकाच दिसते. परंतु न्यायाधीशानें कागद पाहण्याचें बंधन नसेल, तर तो निःपक्षपातानें पाहणार कोण? तें ओझें आतां प्रथम निवडलेल्या वकिलावर येऊन पडतें.

समजा, थोरला कल्याणास एका वकिलाकडे जातो. तो म्हणतो, "बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्या, मग मृत्युपत्र काढण्याचेंही कारण नाहीं." दुसरा वकील प्रथम विचारतो, "बहिणीनें मृत्युपत्र वाचलें आहे काय? त्यावरील दोन साक्षीदार हयात आहेत काय?" आणि पुढें सांगतो, "मी तुमचा वकील झालों तर तिचा होऊं शकत नाहीं. तिला आपला सल्ला स्वतंत्र घेऊं द्या." पहिला सोयीचा वाटतो, दुसरा अडचणीचा.

यावर कोणी म्हणेल, वकील हा पैसे देणाऱ्या अशिलाचा. बहिणीची चिंता त्यानें कां वाहावी? दाव्यापुरतें हें ठीक आहे, कारण तेथें दोन्ही बाजूंस बोलणारा कोणीतरी असतो. वारसाच्या कामांत मात्र दोघांच्या वतीनें कोणीच बोलत नाहीं: एक मृत, आणि दुसरी ती, जी विश्वासानें सही करावयास निघाली आहे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें, मृत्युपत्र नसेल तेव्हां, मुलीला पित्याच्या मिळकतींत मुलाबरोबर वांटा दिला. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींतही तिला जन्मतः हक्क दिला. हे हक्क ती हिशेब करून सोडीत नाहीं. माहेरचें दार बंद होईल या भीतीनें सोडते. असें सोडणें म्हणजे दान नव्हे.

उलट बाजूही खरी आहे. पित्यानें स्वकष्टार्जित घर विचारपूर्वक एकट्या मुलास दिलें असेल, तर ती इच्छा पाळलीच पाहिजे, मग मुलीला कितीही वाईट वाटो. पण कमी मिळणें निराळें आणि अंधारांत ठेवलें जाणें निराळें. पहिलें दुःख वडिलांनीं दिलेलें असतें व तें काळानें ओसरूं शकतें. दुसरें भावांनीं दिलेलें असतें.

म्हणून वकील शोधतांना 'काम किती दिवसांत होईल?' हा प्रश्न दुसरा असावा. जो आपल्या अशिलास पहिल्याच भेटींत 'मृत्युपत्र सर्वांना एकत्र बसवून वाचून दाखवा' असें सांगण्याचें धैर्य दाखवील, तोच चांगला. फी थोरला भाऊ देतो हें खरें. परंतु ज्याचें काम चाललें आहे तो मनुष्य आतां फी देऊं शकत नाहीं, आणि तक्रारही करूं शकत नाहीं.