पात्राचा दोष, खेळणाराचें उत्तरदायित्व

१९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या गायगॅक्स व आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळांत मित्रमंडळी मेजाभोंवतीं बसून एकेका कल्पित पात्राची भूमिका घेते. सूत्रधार कथा चालवितो. १९७५ च्या पुरवणीनें त्यांत चोर आणला. हा चोर कधीं सोबत्यांचीच थैली लांबवितो आणि खेळणारा म्हणतो, "माझ्या पात्राचा स्वभावच तसा!" हें समर्थन आम्हांस मान्य नाहीं. पात्रांतील कलहानें कथेस रंग चढतो, हें खरें. परंतु पात्र कांहींच ठरवीत नाहीं, ठरवितो तो खेळणारा. चोरास सोबत्यांचा लळा लागला, असेंही त्यास ठरवितां आलें असतें. म्हणून क्षणभर खेळ थांबवून सोबत्याची संमति विचारावी. उभयतांस रुचला तर तो कलह नाट्य होय. एकावर लादला, तर मुखवट्याआडचा अन्यायच होय.