नावाचा आग्रह कशासाठी?



‘ब्रिटनमध्ये आलो, आता जातीचा विषय कशाला?’ हे आपण सर्वांनीच ऐकले आहे. धम्माचा आधार घेऊनही कोणी विचारते, सर्व अनात्म आहे, तर ओळखीचा एवढा आग्रह का? या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे.

नोव्हेंबर १९३१ मध्ये, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी याच लंडनमध्ये पुरवणी निवेदन दिले. प्रतिनिधित्वाच्या मागणीबरोबरच त्यात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव बदलण्याची मागणी होती. पुढे जानेवारी १९३८ मध्ये ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालू नये म्हणून बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत सभात्याग केला. दयेपोटी मिळालेले नाव माणसाला दयेचा विषय बनवते, हक्काचा धनी बनवत नाही.

एसेक्स विद्यापीठातले अर्नेस्टो लाक्लाऊ आणि त्यांच्या सहलेखिका शांताल मूफ यांनी १९८५ साली हाच मुद्दा सिद्धान्तरूपाने मांडला. राजकीय ओळख जन्मतः तयार नसते. ती चर्चाविश्वात, म्हणजे शब्द, कायदे, प्रथा आणि संघर्ष यांतून घडते. लोकशाहीत हा संघर्ष कायमचा मिटत नाही. पण म्हणून सगळे ‘नुसते शब्द’ ठरत नाही. भूकंपात घर खरेच पडते. त्याला दैवी कोप म्हणायचे की निसर्गाची घटना, हे चर्चाविश्व ठरवते, आणि पुढे काय करायचे तेही त्यावरून ठरते.

आता ब्रिटनचेच पाहा. २०१० च्या समता कायद्याने ‘जात’ हा शब्द वंशाच्या व्याख्येत घालण्याची मुभा मंत्र्यांना दिली. २०१३ मध्ये संसदेने ते बंधनकारक केले. विरोधकांपैकी काहींचे म्हणणे होते की, ‘जात’ ही इंग्रजी राजवटीने घडवलेली कल्पना आहे. २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली आणि न्यायालयीन निवाडे पुरेसे आहेत असे सांगितले. त्यामुळे पीडिताला आपले दुःख ‘वांशिक मूळ’ या दुसऱ्याच शब्दाच्या दारातून आत न्यावे लागते. कल्पना माणसांनी घडवली असेल, पण तिने झालेली जखम खोटी ठरत नाही.

मग अनात्माचे काय? तथागतांनी धम्मालाही नावेची उपमा दिली. नाव पार होण्यासाठी असते, डोक्यावर वाहण्यासाठी नव्हे. आपल्या ओळखीलाही हेच लागू पडते. ‘बौद्ध’ ही नवी जात झाली, तर आपण नाव डोक्यावर घेतली असे समजावे. पण जो अजून मधल्या प्रवाहात आहे, त्याला किनाऱ्यावरून ‘नाव सोड’ असे सांगणे हे शहाणपण नव्हे आणि करुणाही नव्हे.

म्हणून मुलांना दोन्ही शिकवा: आपली ओळख स्वतःच्या तोंडाने सांगणे, आणि तिच्या भिंती न बांधणे.

जय भीम! नमो बुद्धाय!