घेणाऱ्याचे मौन

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षे आखातात सुतारकाम करून कायमचा घरी परतला. हातात चांगली कला आहे, पण नुसत्या हाताच्या कलेवर आज सुताराचे घर चालत नाही. दरवाजे, खिडक्या, स्वयंपाकघरातली कपाटे, जे काही करायचे ते लवकर आणि मापात हवे असते. हातकरवतीने दिवस खाणारे काम टेबलाच्या यंत्रकरवतीवर तासाभरात उरकते. नवे यंत्र घेण्याइतका पैसा गाठीला नव्हता, म्हणून आम्ही जुने शोधत होतो.

रत्नागिरी शहराजवळच्या एका वाडीत एका सुतारांच्या घरी असे यंत्र पडून असल्याचे कळले. सुतारांना जाऊन दीड वर्ष झाले होते. मुलगा मुंबईला नोकरीत. काकू एकट्याच राहायच्या. आम्ही दोघे भाऊ आणि मोटारी दुरुस्त करणारा एक ओळखीचा मिस्त्री असे तिघे रविवारी तिथे गेलो.

यंत्र पडवीत प्लॅस्टिकखाली झाकलेले होते. कोकणातल्या खाऱ्या हवेने पत्र्याला गंज चढला होता, पात्यावरचे झाकण गायब होते, लाकूड सरळ सरकवण्याची पट्टी सैल झाली होती. भावाने हे सगळे दोष मोठ्याने मोजून दाखवले. काकू मान हलवत ऐकत होत्या. किंमत त्यांनी आठ हजार सांगितली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मिस्त्रीने बटण दाबले. मोटर गुणगुणली, पण फिरेना. त्याने बटण बंद केले, पट्टा काढला, पुन्हा बटण दाबून मोटरच्या पुलीला हाताने हलकासा फेर दिला. मोटर लगेच सुरू झाली आणि एकसारखी फिरू लागली. त्याने ती बंद केली आणि हळूच म्हणाला, "मोटर जळलेली नाही. कपॅसिटर गेलाय. बेअरिंग धरून हजाराच्या आत काम होईल. चालू करून विकलं तर पंधरा हजाराला कुणीही उचलेल."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "मास्तर, मला यातलं काय कळत नाही. मागे एक जण बघून गेला, तो म्हणाला मोटर जळलीय, भंगारात घाला. तुम्ही मुलांना शिकवता, तुम्हीच सांगा, आठ हजार जास्त होतात काय?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो, काकू."

त्या एका रात्रीच्या मौनाबद्दल मला लिहायचे आहे.

वाटेत भाऊ खुशीत होता. त्याचे म्हणणे सरळ होते. किंमत तिने सांगितली. आपण एक अक्षर खोटे बोललो नाही. मोटर जळली असे आपण म्हटले नाही. उद्या कपॅसिटर बदलूनही आत दुसरे काही निघाले तर ती आपले पैसे परत देणार आहे का? जोखीम आपली, मग फायदाही आपला. शिवाय मिस्त्रीला तीनशे रुपये आपण दिले. पैसे देऊन मिळवलेली माहिती फुकट का वाटायची?

या मुद्द्यांना चटकन उत्तर देता येत नाही, हे मी कबूल करतो. मी सातवी-आठवीच्या मुलांना नफा-तोट्याची गणिते शिकवतो. खरेदीची किंमत, विक्रीची किंमत, शेकडा नफा. अशा गणितात विकणाऱ्याला काय माहीत होते आणि घेणाऱ्याला काय माहीत होते, हा प्रश्न कधी येत नाही. आठ हजाराची वस्तू, हजार खर्च, पंधराला विक्री. फळ्यावर हे उदाहरण निर्दोष आहे.

आपल्याकडे खोट्या विक्रेत्याबद्दल खूप बोलले जाते. ओले धान्य ढिगाच्या आत दडवणाऱ्याला पैगंबरांनी मदिनेच्या बाजारात कसे फटकारले, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मालातला ऐब सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे आणि लपवलेला ऐब सापडला तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, हेही आपण ऐकलेले असते. पण मालातला गुण विकणाऱ्यालाच माहीत नसेल आणि तो घेणाऱ्याला दिसला असेल, तर? ऐब मोठ्याने सांगायचे आणि गुण खिशात घालायचे, ही घेणाऱ्याची जुनीच रीत आहे. तिला आपण अक्कल म्हणतो, फसवणूक म्हणत नाही.

कायद्यात काय आहे ते पाहिले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम म्हणते की नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. तिथे एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा रोगी आहे हे ठाऊक असून मालक तो लिलावात गप्प राहून विकतो, तर ती फसवणूक ठरत नाही. आणखी एका उदाहरणात एका व्यापाऱ्याला भाव बदलल्याची खासगी खबर असते. ती दुसऱ्या व्यापाऱ्याला सांगण्यास तो बांधील नाही. इथपर्यंत कायदा माझ्या भावाच्या बाजूने होता.

पण त्याच कलमात घोड्याचे उदाहरण पुढे नेले आहे. घेणारी व्यक्ती जर मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा धडधाकट समजतो, तर मालकाचे गप्प राहणे हेच बोलणे ठरते. म्हणजे मौनाचा अर्थ समोर कोण आहे आणि त्याने काय विचारले आहे यावर ठरतो. काकूंनी मला विचारले होते.

फिकहच्या पुस्तकांत घेणाऱ्याचाही विचार आहे. गावाबाहेर जाऊन येणाऱ्या तांड्याला वाटेतच गाठू नये आणि बाजारभाव कळण्याआधी त्याचा माल घेऊ नये, असा हदीसमध्ये मज्जाव आहे. घेतलाच, तर बाजारात पोहोचल्यावर सौदा मोडण्याची मुभा मालकाला आहे. इथे माल खोटा नाही, कुणी खोटे बोललेले नाही. दोष एवढाच की एकाला भाव ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही, आणि सगळी घाई त्या अज्ञानाच्या जिवावर चालली आहे. इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली एक हकीकत आहे. एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर मागितले. इमामसाहेब म्हणाले, याचे मोल जास्त आहे. ती शंभर-शंभराने चारशेपर्यंत चढली, तरी ते तेच म्हणत राहिले. तिला वाटले हे थट्टा करतात. तेव्हा त्यांनी मोल करणारा माणूस आणायला लावला आणि ते वस्त्र पाचशेला घेतले.

ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो आणि थोर माणसाची गोष्ट म्हणून बाजूला ठेवतो. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी दान दिले नाही, सौदाच केला, फक्त दोघांना सारखे माहीत झाल्यावर केला.

मग जाणकारीला काही मोलच नाही का? आहे. भंगारच्या बाजारात दोन व्यापारी समोरासमोर असतील, तर ज्याची नजर तयार त्याने कमवावे. प्रत्येकाने आपले सगळे उघडे करायचे ठरवले तर नजर तयार करण्याचे कष्ट कोण घेईल? पण काकू व्यापारी नव्हत्या. त्यांचे अज्ञान कुणा तिऱ्हाइताच्या चुकीच्या, कदाचित मतलबी, बोलण्यातून आले होते, आणि त्या बोलण्याचे फळ आम्ही खाणार होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी मला मास्तर म्हणून सल्ला विचारला. ज्याला मश्वरा विचारला तो अमानतदार होतो, ही आपल्याकडची शिकवण आहे. प्रश्न कानावर पडला त्या क्षणी मी नुसता गिऱ्हाईक राहिलो नव्हतो.

जोखमीचा भावाचा मुद्दा मात्र खरा होता. त्याचे उत्तर असे की जोखमीचेही मोल असते, पण ते उघड मांडून वजा करावे. अंधारात कापून घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटाच गेलो आणि काकूंना सगळे सांगितले. मोटर चांगली आहे, एवढा खर्च आहे, चालू स्थितीत साधारण इतके येतील. दुरुस्ती आणि जोखीम धरून आम्ही अकरा हजार देऊ शकतो, पण आधी मुलाला विचारा. पात्याला झाकण बसवल्याशिवाय कुणालाच चालवू देऊ नका, हेही सांगितले. बारा इंची पाते मिनिटाला २,८०० फेरे घेऊ लागले की त्याचे दात ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने धावतात. तिथे बोटाला दुसरी संधी नसते.

आठवड्याने त्यांचा निरोप आला. मुलाने यंत्र दुरुस्त करून घेतले आणि त्यांच्याच नात्यातल्या एका सुताराला दिले. आमच्याकडे ते आले नाही. काकूंचा यात काही दोष नाही, विचारा असे मीच म्हटले होते.

भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाईजान, तुमचं खरं बोलणं मला केवढ्याला पडलं?"

या प्रश्नाने मला त्या रात्रीपेक्षा जास्त छळले. सत्य मी बोललो, पण रोजगार त्याचा बुडाला. निघण्यापूर्वी मी त्याला विचारलेदेखील नव्हते. घरातल्या कर्त्या माणसाचा प्रामाणिकपणा पुष्कळदा असा दुसऱ्याच्या ताटातून वाढला जातो, आणि नाव मात्र त्याचे होते. काकूंना सांगायलाच हवे होते, हे मी आजही मानतो. पण भावाशी मी मौन पाळले. एकाचे ऋण फेडताना दुसऱ्याचे केले.

मी शिक्षकांच्या पतपेढीतून माझ्या नावावर कर्ज काढले आणि त्याला दुसरे यंत्र घेऊन दिले. तेही जुनेच, थोडे महाग, पण झाकणासकट. दर महिन्याला पगारातून हप्ता जातो. पगाराच्या कागदावर तो आकडा दिसला की वाटते, खरे बोलण्याची किंमत आता बरोबर माणसाच्या नावावर पडते आहे.